फेरी संपली असं म्हणायचं राहिलं

सोमवार, ५ ऑक्टोबर

आले एकदाची! नव्या नोकरीच्या गावात बोट धक्क्याला लागली. मी फळीवरून उतरायच्या आत हमालाने माझी ट्रंक डोक्यावर घेतलीसुद्धा. शहर पाहिलं आणि हसूच आलं. सगळंच्या सगळं चढावर! मांडणीवर भांडी रचावीत तशी घरं एकावर एक रचलेली, आणि सगळ्यात वरच्या फळीवर निशाणाचा बुरूज. पूर्वी कोणतं जहाज येतंय ते या बुरुजावर निशाण चढवून खाली बंदराला कळवायचे म्हणे. ही माहिती हमालाने फुकट दिली. काही दिवसांनी हीच माहिती मी लोकांना तिकीट लावून देणार आहे.

खोली शिंपीणबाईंच्या दुकानावर. एक खिडकी समुद्राकडे, दुसरी शेजाऱ्याच्या भिंतीकडे. भिंतीकडच्या खिडकीचं भाडं कमी करा म्हटलं, तर बाई म्हणाल्या, त्या खिडकीतून वारा येत नाही, सर्दी होत नाही, खरं तर तिचं जास्त घ्यायला हवं. जमेल माझं यांच्याशी.

समुद्राकडच्या कोपऱ्यात माझ्या लेकीची, ठकीची छोटी खाट नीट बसेल. तिचे बाबा गेल्यापासून ती माझ्या ताईकडे आहे. ताई पोटच्या पोरीसारखं करते तिचं, त्यात काही वाद नाही. पण दोन महिन्यांपूर्वी फोनवर बोलताना ठकीने मागे वळून ताईला ‘आई’ अशी हाक मारली. दुसऱ्या दिवशी मी या नोकरीचा अर्ज भरला. इथल्या शाळेत प्रवेश मिळाला की ती माझ्याजवळ येणार. बाकी मला काही नको.

बुधवार, ७ ऑक्टोबर

दोन दिवस कप्तानाच्या हाताखाली शिकते आहे. कप्तान म्हणजे आमच्या कचेरीचा सगळ्यात जुना वाटाड्या. नाव कप्तान, पण बोटीत पाय ठेवला की त्याला उलट्या होतात, म्हणून जन्मात कधी धक्का सोडून गेलेला नाही. ही गोष्ट तो स्वतःच सगळ्यांना सांगतो, आणि दरवेळी पहिल्यांदाच सांगितल्यासारखा हसतो.

फेरी धक्क्यापासून सुरू होते. मग जकातघर, खलाशांचा दवाखाना, दोरवाल्यांची गल्ली, आणि शेवटी बुरूज. वाटाड्याने पिवळी छत्री उघडून उंच धरायची आणि उलटं चालायचं. लोकांकडे तोंड, चढाकडे पाठ. कप्तान म्हणतो, लोकांना पाठ दाखवली की ते दुकानांत शिरतात. उलटं चालता चालता मी काल एका भाजीच्या टोपलीत बसले. भाजीवालीने फक्त एवढंच विचारलं, की आता ही भाजी तुम्हीच नेणार ना?

एका गोष्टीवर मात्र कप्तान फार अडून बसतो. बुरुजापाशी पोचलं की सगळे जमेपर्यंत थांबायचं, आणि मग स्पष्ट आवाजात म्हणायचं, ‘फेरी इथे संपली. आता आपापल्या वाटेने घरी जा.’ आणि लोक वळून चालायला लागेपर्यंत जागचं हलायचं नाही. मी म्हटलं, एवढं काय त्यात, लोकांना कळतंच की. तर तो एकदम गंभीर झाला. म्हणाला, चढावर माणूस दुसऱ्याच्या मागे चालायला लागला की स्वतःची वाट त्याच्या पायातून जाते. ती त्याला परत द्यावी लागते. आणि मध्येच कुणी येऊन मिसळला, तर त्याच्या कानावर एकही गोष्ट पडायच्या आत हेच वाक्य बोलून त्याला परत पाठवायचं. एक गोष्ट ऐकली की तो आपला झाला, मग बुरुजापर्यंत सुटका नाही.

मला वाटलं, बिनतिकिटाच्या लोकांसाठी असणार हे. पण गंमत म्हणजे सगळ्या गावालाच ही खोड आहे. काल शिंपीणबाई मला वाण्याचं दुकान दाखवायला आल्या आणि दारात पोचल्यावर हात जोडून म्हणाल्या, आलं हं दुकान, आता तुमचं तुम्ही जा. मला हसू आवरेना. माझं हसू थांबेपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या.

शनिवार, १० ऑक्टोबर

पहिली फेरी एकटीने पार पाडली! सुरुवातीला दोनदा तारखा चुकले, पण जकातघरापाशी लोक हसले आणि गाडी रुळावर आली. तिथे मी सांगते, की इथल्या एका अधिकाऱ्याचं काम जप्त केलेली दारू मोजायचं होतं. बिचारा इतका कष्टाळू, की मोजून होईपर्यंत पिंपं रिकामी व्हायची आणि त्याला भिंतीही दोनदोन दिसायच्या. कप्तानाचा विनोद आहे, पण मी तो जास्त रंगवते असं माझं मत.

दोरवाल्यांची गल्ली मला सगळ्यात आवडली. लांबलचक, अरुंद, दोन्ही बाजूंना बंद दारं. जहाजांचे दोर वळायचे इथे. कारागीर कमरेला ताग गुंडाळून उलटे चालत जायचे आणि चालता चालता हातातून दोर वळला जायचा. म्हणजे माझ्यासारखेच उलटे चालणारे. हे सांगितलं तर लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बुरुजापाशी ते वाक्य म्हटलं. सगळे एकदम वळले आणि उतरायला लागले. एकानेही मागे वळून पाहिलं नाही. जरा वाईट वाटलं. तीन तासांची ओळख झालेल्या माणसाने निदान हात तरी हलवावा.

बुधवार, १४ ऑक्टोबर

ठकीला प्रवेश मिळाला! मिळाला, मिळाला, मिळाला!

फेरी नुकतीच बुरुजावर पोचत होती. आज माणसं फार छान होती. प्रत्येक विनोदाला खो खो हसणारे एक जाडे गृहस्थ. एकसारखे निळे स्वेटर घातलेल्या दोघी बहिणी, वय झालेल्या, पण अजून एकमेकींचं बोलणं तोडणाऱ्या. गळ्यात दुर्बीण अडकवलेला एक उंच माणूस. एक नवीन लग्न झालेलं जोडपं, जे शहर सोडून एकमेकांकडेच बघत होतं. आणि घडीचं स्टूल काखोटीला मारून चढणाऱ्या एक आजीबाई. चढावरच्या प्रत्येक वळणावर स्टूल मांडायच्या, बसायच्या आणि मला म्हणायच्या, तुम्ही बोला, मी ऐकतेय. आजीबाई शेवटच्या वळणावर बसल्या होत्या, बाकीचे कठड्यावरून फोटो काढत होते, तेवढ्यात ताईचा फोन. शाळेने हो म्हटलं. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारच्या बोटीने दोघी येणार. ताई चार दिवस राहून जाणार, ठकी कायमची राहणार.

मी तशीच पळत सुटले. छत्री बगलेत मारली आणि उतारावरून धावत थेट शाळेत. तिथल्या बाईंना म्हटलं, कागदावर सही आजच घ्या. बाई हसायला लागल्या. येताना छोटी खाट सांगून आले. सुताराने विचारलं, मूल झोपेत लोळतं का? मी म्हटलं, लोळत नाही हो, पोहते!

गुरुवार, १५ ऑक्टोबर

कालची मंडळी आज पुन्हा धक्क्यावर हजर. आजच्या लोकांच्या मागे उभी होती. मला अगदी अभिमान वाटला, एकदा ऐकून पोट भरलं नाही म्हणजे बघा. जोडपं हात हातात धरून, आजीबाई स्टुलावर.

एक बारीकशी गोष्ट. जकातघरापाशी जाडे गृहस्थ विनोद सांगायच्या आधीच हसले. मी तोंड उघडायच्या आधी. खो खो. आजच्या लोकांनी मागे वळून पाहिलं.

बुरुजावर वाक्य म्हटलं, आजचे लोक वळले आणि गेले. कालचे उभे राहिले. हसऱ्या चेहऱ्याने, माझ्याकडे बघत. सूर्यास्त बघायचा असेल. मी निघाले. काल बुरुजावर मी ते वाक्य म्हटलंच नव्हतं, हे लिहायचं राहिलं. खाटेच्या नादात विसरले, आत्ता आठवलं.

शनिवार, १७ ऑक्टोबर

आज तिसरा दिवस. तेच कपडे. बहिणींचे स्वेटर खांद्यावर उन्हाने विटले आहेत. दुर्बीणवाल्याच्या बुटाचा तळ सुटून फटफट वाजतो, पण तो खाली बघतही नाही.

फेरी झाल्यावर मी सरळ त्यांच्यासमोर गेले आणि वाक्य पुन्हा म्हटलं. स्पष्ट, मोठ्याने. कुणी हललं नाही. मग आजीबाईंच्या शेजारी बसून विचारलं, की आजी, घरी नाही का जायचं? त्या अगदी मायेने म्हणाल्या, की जायचं आहे हो, सूनबाई वाट बघत असेल, औषधंही घरीच राहिलीत, पण तुम्ही त्या दिवशी संपली म्हणाला नाहीत ना. मी म्हटलं, आत्ता म्हणते आहे की. तर त्या म्हणाल्या, त्या दिवशी मी वळणावरच होते. अजून वर पोचलेच नाही.

त्यांचे ओठ फुटले होते. पाण्याची बाटली दिली तर त्यांनी ती हातात धरून ठेवली. तोंडाला लावली नाही.

कप्तानाने कचेरीत नेहमीसारखं विचारलं, सगळ्यांना निरोप दिलास ना? मी हो म्हटलं. ठकी येईपर्यंत नोकरीला काही होऊन चालणार नाही.

मंगळवार, २० ऑक्टोबर

आता इतर कुणी माझ्या फेरीला येत नाही. धक्क्यावर मी छत्री उघडली की लोक दुसरीकडे बघतात आणि बाजूने निघून जातात. फक्त हे येतात. आजीबाई, बहिणी, जोडपं, दुर्बीणवाला, जाडे गृहस्थ. काल मी कामावर गेलेच नाही, तर हे सगळे सकाळीच माझ्या समुद्राकडच्या खिडकीखाली येऊन उभे राहिले. गडबड नाही, गोंधळ नाही. माना वर करून वाट बघत. जोडपंसुद्धा आता एकमेकांकडे बघत नाही. माझ्याकडे बघतं.

आधी राग आला. खिडकीतून ओरडले, जा म्हणून. मग भीती वाटली. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त लाज वाटली. यांनाही घरदार आहे. कुणीतरी हे हरवल्याची पोलिसांत तक्रार दिली असेल. पोलीस चौकीतला शिपाई त्यांच्या मधून वाट काढत माझ्याकडे आला, माझा जबाब लिहून घेतला, आणि त्यांच्याकडे एकदाही न बघता निघून गेला.

शिंपीणबाईंनी दुकान बंद ठेवलं. दाराआडून म्हणाल्या, की पोरी, तुझं तू बघ गं बाई, पण त्यांना माझ्या उंबऱ्यावरून आत आणू नकोस.

गुरुवार, २२ ऑक्टोबर

कप्तानाला सगळं सांगितलं. तो त्याच्या घराच्या ओट्यावर जाळं विणत बसला होता. त्याने जाळं खाली ठेवलं, उठला, माझ्या मागे रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसांकडे पाठ केली आणि मग भिंतीकडे तोंड करून माझ्याशी बोलला.

म्हणाला, एकच उपाय. त्यांना घेऊन बुरुजापर्यंत जा. सगळे एकदम वर असायला हवेत, ती म्हातारीसुद्धा. तेव्हा वाक्य बोल. वाटेत बोलणं थांबवू नकोस, गोष्ट थांबली की ते जवळ येतात. आणि त्यांच्यात भर पडू देऊ नकोस. मी विचारलं, किती वेळ लागेल? तो म्हणाला, तुझ्या आधी एका वाटाड्याला असं झालं होतं. मी विचारलं, मग तो कुठे आहे? कप्तान म्हणाला, गेला होता वर. मग कप्तान आत गेला आणि दार हळूच लावून घेतलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ताईला फोन लावला, येऊ नका म्हणून सांगायला. भावोजींनी उचलला. म्हणाले, मावशी-भाची कालच निघाल्या की! वाटेत आत्यांकडे मुक्काम आहे, तिथे फोन लागत नाही, रविवारी सकाळी बोट. ठकी जाम खूष आहे, नवी चप्पल पायातून काढायला तयार नाही. म्हणाले, आता तुम्हीही जरा हसा. मी हसले.

उद्या सकाळी निघते. शनिवारपर्यंत हे निस्तरायचं. रविवारी धक्क्यावर मी एकटी असले पाहिजे.

शुक्रवार, २३ ऑक्टोबर

सकाळी निघालो. जकातघर, दवाखाना, दोरवाल्यांची गल्ली. आजीबाईंना हाताला धरून चढवलं. हात कोरडा आहे, गरम नाही आणि गारही नाही. गल्ली संपली की डावीकडे वळायचं आणि समोर बुरूज. वळले. दोरवाल्यांची गल्ली.

मला वाटलं, बोलण्याच्या नादात चुकले असेन. पुन्हा चढ, पुन्हा डावीकडे. दोरवाल्यांची गल्ली. छपरांच्या वर बुरूज दिसतो, अगदी जवळ, त्याच्या दगडांमधलं गवतसुद्धा दिसतं. मी उलटं चालणं सोडलं, सरळ चालून पाहिलं, पळून पाहिलं. वर जाते म्हणून पाय भरून येतात, धाप लागते, म्हणजे चढते आहे हे खरं. मग इतकी चढून जाते कुठे?

मग म्हटलं, मरो, खाली जाऊ. धक्क्यावर जाऊन बसू आणि ठकी उतरली की तिला घेऊन त्याच बोटीने परत जाऊ. उतरायला लागले. दोरवाल्यांची गल्ली.

गल्लीच्या मध्यावर एका बाजूला घरं नाहीत, नुसता कठडा आहे. तिथून सगळं बंदर दिसतं. धक्का, कचेरी, भाजीवाली. भाजीवाली टोपलीवर पाणी शिंपडते आहे. मी हाका मारल्या. तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

दारं ठोठावली. सगळी. एका दारामागे कुणीतरी श्वास रोखून उभं होतं. मी म्हटलं, अहो, फक्त आतून पलीकडच्या रस्त्याला जाऊ द्या. आतून कडी लावल्याचा आवाज आला.

शुक्रवारच, दुपार

गप्प बसले की ते पाऊलभर पुढे येतात. धावून येत नाहीत. धक्का देत नाहीत. नुसते एक पाऊल. मग माझ्या तोंडावर त्यांचा श्वास येतो आणि मी पुन्हा बोलायला लागते.

एक युक्ती सापडली. समुद्राकडे बोट दाखवून ‘ते पाहा’ म्हटलं की ते थोडा वेळ तिकडे बघत राहतात. तेवढ्यात लिहिते.

जाडे गृहस्थ रडताहेत. हसतात तेव्हाच रडतात. खो खो हसताना डोळ्यांतून पाणी वाहतं आणि ते पुसत नाहीत.

शनिवार — शनिवारच असणार

गोष्टी संपल्या. जकातघराच्या, खलाशांच्या, दोरवाल्यांच्या, सगळ्या. मनाने रचूनही सांगितल्या. रचलेल्या त्यांना कळतात. रचलेली चालू असताना ते पाऊल टाकतात.

मग खरं काय उरलं होतं माझ्याकडे? ठकी. ठकीचं सांगितलं. कशी जन्मली. जन्मल्यावर रडलीच नाही आणि नर्सने चापट मारली तेव्हा रागाने बघत राहिली. तिच्या बाबांच्या बुटात पाय घालून घरभर चालायची. बाबा गेल्यावर त्या बुटांत तिने तिच्या बाहुल्या झोपवल्या. उद्या ती बोटीने येते आहे. नवी चप्पल. तिला खिडकीजवळची खाट—

सगळे ऐकत होते. इतक्या शांतपणे त्यांनी काहीच ऐकलं नव्हतं. बहिणींनी एकमेकींचं बोलणंही तोडलं नाही. आजीबाई म्हणाल्या, किती गोड गं, कधी येणार?

मी काय केलं हे. काय करून बसले.

त्यानंतर ‘ते पाहा’ म्हणावंच लागत नाही. ते आपणहून बंदराकडे बघतात. वाट बघतात. दुर्बीणवाला दुर्बीण डोळ्याला लावून बसला आहे.

रविवार

बोट.

दुर्बीणवाल्याने आधी पाहिली. हात वर केला. सगळे कठड्याशी.

ताई उतरली. निळी साडी. ठकी — उंच झाली आहे. किती उंच झाली आहे माझी पोर. धक्क्यावर उभी राहून इकडे तिकडे बघते आहे. मला शोधते आहे. मी इथे आहे ठकी, इथे, वर —

नाही. हाक मारायची नाही. तिने वर बघू नये.

ताई कचेरीत शिरली. बाहेर आली. कुणीतरी वर बोट दाखवलं असणार. दोघी चढाला लागल्या. ताईचे गुडघे. ताई दवाखान्यापाशी बसली. ठकीला थांब म्हणत असेल. ती कुठली थांबते!

पिवळी छत्री. ठकीला माहीत आहे, फोनवर मीच सांगितलं होतं. मी छत्री मिटली. कठड्याच्या पायाशी टाकली. जाड्या गृहस्थांनी ती उचलली. उघडली. उंच धरली. हसताहेत.

तिला दिसली. हात हलवते आहे. पळत येते आहे.

माझं बोलणं थांबलं तर ते जवळ येतात. मी बोलत राहिले तर ती ऐकते. एक गोष्ट ऐकली की —

एक गोष्ट कानावर पडायच्या आत. कप्तान म्हणाला होता. तेच वाक्य. ती गल्लीत शिरायच्या आत मी गप्प व्हायला हवं, मग येतील ते येऊ देत, आणि ती समोर आली की तिला हे एकच ऐकू यावं. आईच्या आवाजात नाही. आईच्या आवाजात म्हटलं तर ती जाणार नाही, ओळखते मी तिला, ती गळ्यात पडेल. वाटाड्याच्या आवाजात. अनोळखी बाईसारखं.

ते वाक्य ऐकून गेलेला माणूस मागे बघत नाही. मला चालेल. ती ताईला आई म्हणेल. चालेल. म्हणू दे. रोज म्हणू दे.

गप्प झाले.

ते आले. आजीबाईंचा पदर माझ्या हाताला लागतो आहे. बहिणी दोन्ही बाजूंना. लिहिते आहे, म्हणजे तोंडून काही निघणार नाही.

चप्पल वाजते आहे. वळणावर. आली.

त्यांनी मध्ये जागा केली तिच्यासाठी. अगदी पुढे. लहान मुलांना करतात तशी. ती धापा टाकते आहे, हसते आहे, दोन्ही हात पसरले आहेत —

म्हटलं.

फेरी इथे संपली. आता आपापल्या वाटेने घरी जा.

नीट म्हटलं. आवाज हलला नाही. तिचे हात तसेच राहिले. मग खाली आले. माझ्याकडे बघते आहे, ही कोण बाई असं —

वळली.

चालते आहे. उतरते आहे. तिला रस्ता आहे. तिला वळणाच्या पुढे दवाखाना आहे, ताई आहे. जा. शहाणी माझी. भरभर जा. एक चप्पल निसटली, उचलून हातात घेतली. अशीच जा.

हे सगळे माझ्या अंगावर. श्वास घेता येत नाही. बघू देत नाहीत, खांद्यावरून बघते आहे. वळणाशी पोचली. अजून दोन पावलं आणि ती —

एकदा तरी मागे — नको. नको गं बाळा. बघू नकोस.

थांबली.

का थांबली. जा. ठकी, जा. ती मान वळवते —